जवळ्याशिवाय किमची

आठ महिने मी रोज दुपारी जवळा खात होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

मी दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात, युसाँग भागात राहते, इथल्याच एका प्रयोगशाळेत काम करते. आमच्या साताऱ्याच्या घरात मांस-मासे कधी शिजले नाहीत. अंडंसुद्धा मी इथे येऊन खायला लागले. प्रयोगशाळेमागच्या गल्लीत सहा टेबलांची एक खानावळ आहे. पहिल्या दिवशी चमच्याची वाट बघत मी चांगली दहा मिनिटं बसून राहिले. शेवटी शेजारच्या आजोबांनी हात लांब करून माझ्याच टेबलाचा खण ओढला. चमचे, चॉपस्टिक सगळं त्यात. पाणी आपलं आपण आणायचं. भात झाकणाच्या स्टीलच्या वाटीत येतो. ती वाटी हातात उचलायची नाही, टेबलावरच ठेवून चमच्याने खायचं. भोवती पाच-सहा छोट्या ताटल्या: तिळाच्या तेलातला पालक, मोड आलेलं सोयाबीन, मुळा आणि किमची, म्हणजे मीठ-मिरचीत आंबवलेला चिनी कोबी. संपलं की मागायचं, त्याचे पैसे पडत नाहीत. या सगळ्या ताटाला बेकबान म्हणतात. म्हणजे आपली राइसप्लेटच.

मालकीणबाईंना सगळे 'इमो' म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. खानावळीतल्या बाईंना मावशी म्हणायचं हे मला वेगळं शिकावं लागलं नाही.

शिकले ते एकच वाक्य: "गोगी प्पेगो जुसेयो." मांस काढून द्या. इमो मांस काढून द्यायच्याही. पण सुक्या मासळीच्या पाण्यावर उकळलेलं सार त्यांच्या हिशेबात मांस नव्हतं, आणि मी काही विचारलं नाही. उन्हाळ्यात भिंतीवर हाताने लिहिलेला कागद लागला, 'कोंगगुक्सू सुरू', अगदी आपल्याकडे हापूस आल्याची पाटी लागते तसा. वाटलेल्या सोयाबीनचं गार दूध, त्यात शेवया आणि वर काकडी. मी मीठ घालून खाते. दक्षिणेकडच्या जोल्ला भागातली माणसं यात साखर घालतात, त्यांचं त्यांना लखलाभ. निर्धास्तपणे खावं असं ते एकच भांडं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

ऑक्टोबरात मी सहज विचारलं, किमचीला ही चव कशाने येते? इमोंनी आतून बरणी आणली. गुलाबी, नखाएवढे झिंगे मिठात मुरलेले, प्रत्येकाला दोन काळे ठिपके, डोळ्यांचे. मी चमचा खाली ठेवला. इमो आधी हसल्या, मग माझा चेहरा बघून थांबल्या.

तोंड पाडून काही होणार नव्हतं. नोव्हेंबर तोंडावर होता, म्हणजे किमजांगचे दिवस. हिवाळाभराची किमची घरोघरी एकत्र बसून घालतात. २०१३ साली युनेस्कोने या प्रथेला वारसा यादीत घेतलं. आपल्याकडच्या उन्हाळी वाळवणाचा आणि लोणच्याचा गोतावळा डोळ्यांपुढे आणा. इमो म्हणाल्या, मठातले भिक्षू मासळीशिवाय करतातच की, तूही कर. भिक्षू लसूणही घालत नाहीत, पण तेवढं वैराग्य मला झेपणारं नव्हतं.

युसाँगचा बाजार चार आणि नऊ आकडा शेवटी असलेल्या तारखांना भरतो. चौदा तारखेला मी चिनी कोबीचे दोन गड्डे आणले, साडेपाच किलो भरले, आणि बसमध्ये दोघांना मांडीवर घेऊन बसले. घरी उभे चिरले, पानापानात मीठ भरलं. इमोंनी माप वाट्यांत सांगितलं होतं, मीही वाटीनेच मोजलं. सकाळी सहाला उठून बघते तर कोबीची चिंधी झालेली. पान चावलं तर समुद्र.

इमोंनी पहिला प्रश्न विचारला, मीठ कुठलं? टेबलावरचं बारीक. त्यांचं माप जाड्या मिठाचं होतं. जाड्या मिठाच्या खड्यांत हवा असते, बारीक मीठ दाबून बसतं, त्यामुळे त्याच वाटीत कितीतरी जास्त मावतं. माझी आजी कैरीच्या लोणच्याला खडेमीठच घेते आणि त्यावरून सुनांशी भांडते. इतकी वर्षं ते भांडण ऐकून मी काय शिकले?

उपाय सोपा निघाला. आणखी दोनदा धुवायचं, मग मसाला भरताना पानांच्या मध्ये मुळ्याचे जाड तुकडे बिनमिठाचे ठेवायचे. मुळा खार ओढून घेतो. मसाल्यासाठी चिकट तांदळाच्या पिठाची पेज केली. जवळ्याच्या जागी सुक्या शिताके अळिंबीचं आणि समुद्री शेवाळाचं पाणी, वर थोडा सोया सॉस. मग लसूण, आलं, किसलेलं नाशपाती, कांद्याची पात आणि गोचुगारू. ही मिरचीपूड म्हणजे ब्याडगीची चुलत बहीण, रंगाला पुढे आणि तिखटाला मागे. हातमोजे घालायचे असतात. मी घातले नव्हते.

डबा काठोकाठ भरू नये, हे मला फ्रीजच्या खालच्या कप्प्यात लाल रस्सा साठल्यावर समजलं.

दोन आठवडे मुरल्यावर आंबटपणा आला, बारीक बुडबुडेही दिसले. आता बहुतेक संध्याकाळी मी घरीच असते: भात, किमची आणि बाजारात जे असेल ते. डिसेंबरात, वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी, लाल चवळीसारख्या दाण्यांची खीर केली, 'पातजुक'. मार्चमध्ये नेंगी येते, मुळासकट खायची रानभाजी. तिच्या मुळांतली माती काढायला अर्धा तास जातो. द्वेनजांगच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सारात घातली की पहिल्या पावसानंतरच्या वाफ्याचा वास येतो. दुपारी मात्र अजून इमोंकडेच. सार नको सांगते, भाजी आणि भात जास्त घेते.

यंदाचा नोव्हेंबर माझा दुसरा. खडेमीठ आणलं, तासातासाला पांढरा देठ वाकवून बघितला. नवव्या तासाला तो न मोडता वाकला, तेव्हा धुतला. डबा इमोंकडे नेला. त्यांनी हाताने एक पान उभं फाडलं, भातावर गुंडाळलं, बराच वेळ चावलं.

"छान झालीय," त्या म्हणाल्या. "थोडा जवळा हवा होता."