राहुटीपासून लपणापर्यंत : आमची वाटचाल

पैठणात आमच्या घराला राहुटीवाले म्हणूनच ओळखतात. नाथषष्ठीला येणाऱ्या दिंड्यांच्या राहुट्या, आषाढीला नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला निघणाऱ्यांचे तंबू, लग्नाचे मंडप, ट्रॅक्टरवरच्या ताडपत्र्या, हे सगळं आबांनी शिवलं. हंगामात मशीन रात्री बारापर्यंत चालायची आणि हंगाम सरला की तिच्यावर फडकं पडायचं. २०१२ चा दुष्काळ आला. गावोगावची लग्नं पुढं गेली, जायकवाडीत मृतसाठा उरला आणि आमचं फडकं काही निघेना.

पुढच्या हिवाळ्यात पक्ष्यांचे फोटो काढणारे एक काका फाटका तंबू घेऊन दुकानात आले. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले होते आणि यांच्या तंबूची खिडकी उसवलेली. तंबू परदेशी होता, त्यांना पाठीवरच्या पिशवीत मावणारं लपण, म्हणजे आत लपून बसायचा छोटा तंबू, हवं होतं. मी तो दुरुस्तीला ठेवून घेतला आणि त्यांची परवानगी घेऊन रात्री शिवण न् शिवण पाहिली. काठ्यांची रचना बघून आबा म्हणाले, "अगं, हा तर बैलगाडीच्या चाकाचा तुंबा." खरंच तसंच होतं. प्रत्येक भिंतीच्या मधोमध एक तुंबा आणि त्यातून कोपऱ्यांकडे गेलेले फायबरचे आरे. तुंबा बाहेर ओढला की भिंत फट्‌कन ताणून उभी राहते. आमच्याकडं आजही कारागीर तुंबा आणि आरेच म्हणतात.

पण खिडकी मला कळेना. इतकी आडवी, रुंद आणि खाली का? नेटवर शोधलं तेव्हा समजलं की तो तंबू क्रॉसबोने शिकार करणाऱ्यांसाठी बनवलेला. क्रॉसबो म्हणजे आडवं धनुष्य. साधं धनुष्य ऐन वेळी ओढावं लागतं, तेवढी हालचाल हरणाला दिसते. क्रॉसबो आधीच ताणून ठेवतात, त्यामुळं शिकारी खुर्चीवर निवांत बसून राहू शकतो. बाण सुटताना मात्र त्याचे दोन्ही बाहू झटक्यानं हलतात, ते कापडाला किंवा काठीला लागता कामा नयेत, म्हणून आत रुंदीला जागा सोडावी लागते. दुसरी अडचण उंचीची. दुर्बीण बाणाच्या वर बसवलेली असते. दुर्बिणीतून सगळं मोकळं दिसतं आणि बाण खिडकीच्या खालच्या कडेला धडकतो. म्हणून खिडकी खाली उतरवलेली. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत हंगाम ठरवून, परवाना घेऊन अशी शिकार कायद्यानं करता येते. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला बंदी आहे. मला त्यातली विद्या मात्र मोलाची वाटली, कारण हरणाला न दिसणं आणि पक्ष्याला न दिसणं यात बरंच सारखं आहे.

आतलं कापड काळं हवं, हे त्यातूनच शिकले. आत अंधार, अंगात काळे कपडे आणि पाठीमागची खिडकी बंद. मागची उघडी राहिली की माणसाची सावली उजेडावर उठून दिसते आणि तासाभराची बैठक वाया जाते. तंबू लावल्याबरोबर बसायचं नाही, काही दिवस नुसता उभा ठेवायचा, म्हणजे जनावराला तो ओळखीचा होतो. माळावर हरणांसाठी बसलात तर वारं त्यांच्याकडून तुमच्याकडं यायला हवं. पाखरांच्या बाबतीत वाऱ्याची एवढी काळजी नाही, तिथं आवाज आणि हालचाल सांभाळावी लागते.

त्या परदेशी तंबूसारखं पानाफांद्यांचं छापील कापड मी सुरुवातीलाच बाजूला ठेवलं. ते तिकडच्या जंगलाचं. आपल्याकडं काळी माती, वाळलेलं गवत आणि उन्हाळ्यात पांढुरका पडलेला गाळ. मातकट कापड घेतलं आणि बाहेरून चारी बाजूंनी कापडी फासे शिवले, त्यात तुराट्या, पऱ्हाटी, कडबा, जे हाताशी असेल ते खोचायचं.

पहिले सहा तंबू आम्ही वाईट बनवले, हे सांगितलंच पाहिजे. खिडक्यांना चिकटपट्टी (वेल्क्रो) लावली होती. काका पहाटे चारला जाऊन बसले, उजाडलं, समोर चित्रबलाकांचा थवा उतरला, आणि खिडकी उघडताना जो चर्रर्र आवाज झाला त्यानं सगळा थवा उठला. काका रागावले नाहीत, पण मला फार लागलं. सहाही तंबू परत मागवले. आबांनी शामियान्याची जुनी रीत काढली: कापडाची घुंडी आणि दोऱ्याचा काज. अजिबात आवाज नाही. आजही आमच्या एकाही खिडकीला चिकटपट्टी नाही की चेन नाही.

दुसऱ्या वेळी कापडाच्या व्यापाऱ्यानं दाखवलं एक आणि पाठवलं दुसरं, उन्हात चकाकणारं. तो सगळा गठ्ठा ताडपत्रीच्या कामात घातला. चकाकीवरून आठवलं, लपण धुताना कपड्यांना उजळ करणारी पावडर वापरू नका. तिच्यातल्या चमकवणाऱ्या द्रव्यानं कापड निळसर उजळतं. आपल्याला ते फारसं जाणवत नाही, पण हरणांना आणि पाखरांना जाणवू शकतं. नुसतं पाणी आणि ब्रश पुरे.

खुंट्यांनी सगळ्यात जास्त छळलं. काळी जमीन पावसाळ्यात खुंटी गिळते आणि उन्हाळ्यात भेगाळून सोडून देते. म्हणून तंबूच्या खाली हातभर झालर ठेवली, तिच्यावर माती ओढायची, आणि कोपऱ्याला वाळू भरायच्या पिशव्या दिल्या.

२०२० साल आलं. पायी वारी झाली नाही, राहुटीची एक ऑर्डर नाही, मशीनवर बसणाऱ्या गल्लीतल्या पाच बायकांचा पगार द्यायचा. तेव्हा एक फोन आला. बारा लपणं हवीत, आगाऊ पैसे देतो, फक्त खिडकी खाली आणि रुंद ठेवा. मी विचारलं, आत काय घेऊन बसणार? थोडं थांबून म्हणाले, क्रॉसबो, उसात रानडुकरं फार झालीत. रानडुकरांचा त्रास खोटा नाही. मका, भुईमूग, ऊस एका रात्रीत लोळवलेला मी स्वतः पाहिलाय आणि त्या शेतकऱ्याचं तोंड बघवत नाही. पण त्याची वाट वनखात्याकडून जाते, पंचनाम्याची आणि परवानगीची. चोरून बाण मारला तर जखमी जनावर दोन शेतं पलीकडं जाऊन तडफडतं, आणि अंधारात उसात पाणी धरणारा माणूसही असतो. मी नाही म्हणाले. रात्री आबांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बायांचा पगार माझ्या पेन्शनीतून दे."

त्या फोननंतर आम्ही राखणीची खोप काढली. चारी बाजूंनी खिडक्या, आत बसायला बाज मावेल एवढी जागा, वर बॅटरी टांगायला कडी. ही मात्र लपायला नाही, माणूस दिसावा म्हणून पिवळ्या कापडाची. गंगाथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, शेतकऱ्यांत ती लपणापेक्षा जास्त खपते.

लपण घेणाऱ्या प्रत्येकाला मी दोन गोष्टी तोंडी सांगते, पिशवीवरही शिवलेल्या आहेत. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय तंबू लावायचा नाही. आणि उन्हाळ्यात पाणी ओसरून बेटं उघडी पडतात, त्यांच्यावर नदी सुरय उघड्या जमिनीवर अंडी घालतात, तिथं तर मुळीच नाही. तुम्ही जवळ बसलात की आई उठते आणि वैशाखाच्या उन्हात अंडी भाजून निघतात. हे ऐकून एक-दोघांनी ऑर्डर रद्द केली. केली तर केली.

सध्या पोटावर झोपून फोटो काढणाऱ्यांसाठी गुडघ्याएवढ्या उंचीचं लपण चाललंय. तुंबा एकच, वरच्या कापडात. दोनदा उभं केलं, दोन्ही वेळा मधे झोळ आला. आबांचं म्हणणं आहे की आरे बोटभर लांब घ्या. उद्या पहाटे दादा आणि मी ते घेऊन पाण्यावर जाणार आहोत, पट्टकदंब, हिवाळ्यात येणारे ते हंस, अजून गेलेले नाहीत.