लष्करी रेडिओचे जुने सुटे भाग: आधी वाचा, मग पुसा

वास्को किंवा म्हापशाच्या भंगारात लष्करी व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतली काचेची निर्वात नळी) हाती लागला तर तो लगेच पुसू नका. काचेवरची छपाई ओल्या फडक्यानेही निघते, आणि मग भाग कुठला हे सांगणारं काही उरत नाही. अक्षरं पुसट असतील तर व्हॉल्व्ह अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर आपल्याकडच्या दमट हवेत काचेवर दव धरतं आणि अक्षरं उठतात. दव उडायच्या आत फोटो काढा.

ब्रिटिश मालात एकाच व्हॉल्व्हला अनेक नावं. हवाई दलाचा व्हीआर ९१, सामाईक यादीतला सीव्ही १०९१ आणि बाजारातला ईएफ ५० हे एकच. पण नाव जुळलं तरी बेस, म्हणजे पिनांचा तळ, पाहाच. एआरपी १२ हा व्हॉल्व्ह दिसतो साध्या ऑक्टलसारखा, म्हणजे आठ पिनांच्या बेसचा. प्रत्यक्षात तो माझ्दा ऑक्टल. मधला खुंट जाड, पिनांमधलं अंतर वेगळं. साध्या सॉकेटात जोर लावाल तर सॉकेट फुटेल. त्याचं फिलामेंटही (आतली तापणारी तार) २ व्होल्ट, ५० मिलिअँपिअरचं. ६.३ व्होल्ट दिलेत की संपलं!

१३ अंकी नाटो क्रमांक (नाटोच्या पद्धतीचा लष्करी मालाचा क्रमांक) असेल तर निम्मं काम झालं. पहिले चार अंक वर्गाचे: ५९६० व्हॉल्व्ह, ५९०५ रेझिस्टर, ५९१० कपॅसिटर. पुढचे दोन क्रमांक देणाऱ्या देशाचे, ९९ ब्रिटन, ७२ भारत. माल तिथेच बनला असं मात्र नव्हे.

युद्धकाळातल्या बऱ्याच रेझिस्टरवर किंमत सांगणारे रंगीत पट्टे नसतात. अंगाचा रंग पहिला आकडा, टोकाचा दुसरा, ठिपका म्हणजे शून्यं. ठिपका दिसला नाही तर तो अंगाच्याच रंगाचा समजा. अख्खा लाल म्हणजे २,२०० ओहम. तरी मोजाच, दमटपणाने कार्बनची किंमत वर सरकते.

सगळ्यात जास्त फसवतो क्रिस्टल, म्हणजे वारंवारता ठरवणारा स्फटिक. अमेरिकन एफटी-२४१ वर २७.० मेगाहर्ट्झ छापलेलं असतं आणि आत असतो ५०० किलोहर्ट्झचा. छापलेला आकडा ५४व्या हार्मोनिकचा, म्हणजे ५४ पटीचा. दुसऱ्या मालिकेत ७२व्याचा. विकणाऱ्याला हे बहुधा ठाऊक नसतं.

मेणकागदाचा कपॅसिटर मल्टिमीटरवर ठीक दिसतो, पण चालू व्होल्टेजला गळतो. पुढच्या व्हॉल्व्हचा ग्रिड (प्रवाह आवरणारी जाळी) धन होऊन प्रवाह भडकतो. तो नमुना म्हणून ठेवा, सर्किटात नको.

मीटरच्या काट्यावर तपकिरी पडलेला चमकता रंग असेल तर त्यात किरणोत्सर्गी रेडियम धरून चाला. अंधारात चमकत नाही म्हणून निर्धास्त राहू नका: मेलेला असतो फॉस्फर, म्हणजे चमकणारा पदार्थ; रेडियमचा अर्धायुष्यकाळ सुमारे १,६०० वर्षं. काच उघडू नका, रंग खरवडू नका.