तुम्ही विचारलंत म्हणून: टेन्शन नसताना पॅनिक अटॅक येतो कसा?

“घरचं सगळं नीट, नोकरी चांगली, मग तुला कसलं टेन्शन?” मला पॅनिक अटॅक, म्हणजे एकाएकी जीव घाबरा होऊन छाती धडधडण्याचे झटके, यायचे हे कळलं की हा प्रश्न येतोच. विचारणारे मायेनेच विचारतात, म्हणून सविस्तर सांगते.

अटॅक येतो त्या क्षणी टेन्शन असावंच लागतं असं नाही. आधीच्या वर्षभरातलं एखादं आजारपण, घरातला मृत्यू, अपुरी झोप, जास्तीची कॉफी यांनी जमीन तयार झालेली असते. थोडं रक्तातूनही येतं. माझ्या आत्याचा जीव असाच घाबरा व्हायचा आणि घरचे तिला कांदा हुंगायला द्यायचे. पण खरा खेळ त्यानंतर शरीरात चालतो.

मला पहिला अटॅक लोकलमध्ये आला. ठाणे-मुलुंडच्या मध्ये गाडी सिग्नलला थांबली होती. छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, म्हणून मी आणखी भराभर श्वास घेऊ लागले. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, ओठ बधिर होतात, बोटांना मुंग्या येतात. माझी तर पर्सचा पट्टा धरलेली बोटं आखडली. ती बघून वाटलं, झालं, लकवा मारला! त्या विचारासरशी ॲड्रिनलिनचा, म्हणजे घाबरल्यावर शरीरात सुटणाऱ्या संप्रेरकाचा, आणखी एक लोट आला आणि धडधड दुप्पट झाली. साध्या लक्षणाचा ‘आता मी मरणार’ असा अर्थ लावल्यामुळे हे चक्र फिरत राहतं, अशी मांडणी ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली केली. मला माझ्या अटॅकचं याहून पटणारं उत्तर मिळालेलं नाही.

ईसीजी नॉर्मल आला आणि “काही झालेलं नाही” म्हणून मला घरी पाठवलं. याचा मला आजही राग येतो. एवढंच ऐकून परतलेला माणूस पुढच्या अटॅकची वाट बघत बसतो. साधा जिना चढून धाप लागली तरी धसकतो. मग गर्दी टाळायची, लोकल टाळायची. टाळलं की बरं वाटतं, आणि टाळलं म्हणूनच वाचलो असं मनाला पटत जातं.

नंतर एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मला खुर्चीत बसवून मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावला. थोड्याच वेळात त्याच मुंग्या, तीच चक्कर! ना गर्दी, ना लोकल, ना लकवा. श्वास संथ केला तसं सगळं ओसरलं. तिथे माझी भीती पहिल्यांदा सैल झाली.

छातीत पहिल्यांदाच असं झालं तर मात्र आधी डॉक्टरांकडेच जा. हृदय तपासून घ्या, थायरॉइडही. तो वाढला तरी अशीच धडधड होते. तपासण्या नॉर्मल आल्या आणि त्रास चालूच राहिला तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.