माणशी किती?: आमची वाटचाल

कोल्हापूरच्या शाहूपुरीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक फोन एवढ्यावर आमची टूर कंपनी सुरू झाली. तेव्हापासून दारात पडणारा पहिला प्रश्न बदललेला नाही: "माणशी किती?" याच प्रश्नापायी एकदा कुलूप लावायची वेळ आली होती. ते पुढे येईलच.

आमचं हत्यार म्हणजे कॉस्टिंगची वही. आडवी पानं, आठ रकाने. गाडी, खोली, जेवण, तिकीट, टोल-पार्किंग-प्रवेश फी, ड्रायव्हर बाटा (भत्ता), जीएसटी. आठव्या रकान्याचं नाव 'धरलेलं नाही'. कंप्युटर आला, माणसं आली, वही काही गेली नाही. गिऱ्हाइकाला आठवा रकाना आधी वाचून दाखवायचा आणि मग बेरीज सांगायची, हा इथला नियम.

नियमाचं श्रेय मार्केट यार्डातल्या आमच्या अडते काकांना. गुळाच्या सौद्यात आयुष्य गेलेला माणूस. आमच्या पहिल्या वर्षीच अकरा जणांची गणपतीपुळे ट्रिप घेऊन आले आणि १७ सीटरचं कोटेशन बघून म्हणाले, "ढेपेचं वजन सांगितलंस, बारदानाचं कोण सांगणार?" बारदान म्हणजे किमान किलोमीटर. टेम्पो ट्रॅव्हलरला दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, तेही गॅरेज टू गॅरेज, म्हणजे गाडी गॅरेजमधून निघाल्यापासून परत येईपर्यंत. कोल्हापूर ते गणपतीपुळे साधारण १४५. जाऊन येऊन २९०, तिथली फिराफिर ६०, म्हणजे ३५०. दोन दिवसांचे पैसे मात्र ६०० किलोमीटरचे. २६ रुपयांनी धरा, १५,६०० होतात, आणि त्यातले साडेसहा हजार न फिरलेल्या रस्त्याचे. अशा जवळच्या ट्रिपला किलोमीटरचा दर बोलूच नये, उक्तं भाडं ठरवावं आणि टोल, पार्किंग, बाटा आत की बाहेर ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावं. काकांनी उक्तंच ठरवलं. तेव्हापासून दुसऱ्या टूरवाल्याचं दार त्यांनी कधी पाहिलं नाही.

मधली वर्षं धंदा चालला, सांगण्यासारखं काही नाही.

मग आमच्याच गल्लीच्या तोंडाला एक नवीन ऑफिस थाटलं. काचेचं दार, एसी, आणि फ्लेक्सवर केरळ, ५ रात्री ६ दिवस, कोचीपासून कोचीपर्यंत, माणशी १७,९००. तेच केरळ आमच्याकडे २१,५००. दिवाळीचे दोन हंगाम गेले आणि बुकिंग निम्म्यावर आलं. आमच्या हाताखाली तयार झालेला पोरगाही तिकडे गेला. गाळ्याचं भाडं थकलं. नाव घेत नाही, पण विसरलेलोही नाही.

शेवटी त्यांचंच कोटेशन काका आमच्या टेबलावर घेऊन आले. वहीचं कोरं पान काढलं आणि रकाने भरायला बसलो.

१७,९०० हा दर तिघांत एका खोलीचा. नवरा-बायको दोघंच असतील तर माणशी २,४०० वर, म्हणजे २०,३००. त्यावर ५ टक्के जीएसटी १,०१५. झाले २१,३१५. प्लॅन सीपी, म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. रात्रीचं जेवण हवं तर एमएपी लागतो. पाच रात्रींपैकी हाऊसबोटीच्या रात्री जेवण बोटीवरच असतं, म्हणून चार जेवणं, ४५० प्रमाणे १,८००. बेरीज २३,११५. आमचे २१,५०० दोघांच्या खोलीचे, जीएसटी आणि चारही जेवणं धरून. स्वस्तातलं पॅकेज १,६१५ रुपयांनी महाग निघालं!

हे झालं आकड्यांचं. 'मुन्नार' म्हणून दिलेलं हॉटेल अडिमालीत, मुन्नारच्या अलीकडे तीसेक किलोमीटर घाटाखाली. मुन्नारचा गारवा तिथे कुठून यायचा? हाऊसबोट 'एसी' लिहिलेली, पण डिलक्स बोटीत एसी बहुधा रात्री नऊ ते सकाळी सहा चालतो. दिवसभर हवा असेल तर प्रीमियम बोट मागावी लागते. हे न विचारता गेलेली माणसं भर दुपारी बोटवाल्याशी भांडतात, बोटवाल्याचा दोष काही नसतो.

त्यानंतर लोक त्यांचं कोटेशन आमच्याकडून वाचून घ्यायला येऊ लागले. फुकट वाचून दिलं, अजून देतो. त्यातले निम्मे तरी आमच्याकडेच बुकिंग करून गेले. गाळा वाचला.

आता जे रोज सांगतो ते लिहूनच टाकतो, कुणी विचारलं नसलं तरी.

पाच जणांचं विमानाचं तिकीट एकदम शोधू नका. त्या स्वस्त भाड्यात चारच सीटा उरल्या असतील तर सिस्टीम पाचही जणांना वरचं भाडं लावते. आधी एकाचं बघा, मग दोघांचं, भाडं कुठे उडी मारतं ते कळतं. तिथे तिकीट तोडा: चार एका पीएनआरवर, एक दुसऱ्यावर. तोटा एवढाच की विमानाची वेळ बदलली तर दोन्ही पीएनआर वेगवेगळे सांभाळावे लागतात, म्हणून लहान मूल कधी एकट्या पीएनआरवर टाकायचं नाही. दहा किंवा जास्त माणसं असतील तर एअरलाइनचं ग्रुप भाडंही मागवा, पण ते स्वस्तच असतं असं समजू नका.

गोव्याहून विमान असेल तर विमानतळ कोणता ते बघा. मोपाचा कोड जीओएक्स, दाबोळीचा जीओआय. कोल्हापूरकराला मोपा जवळ. जाताना मोपा आणि येताना दाबोळी असं तिकीट कधीकधी स्वस्त दिसतं, आणि मोपाच्या पार्किंगमध्ये ठेवलेली गाडी आणायला टॅक्सी करावी लागते.

जुलै-ऑगस्टात पुण्याहून पहाटेचं विमान असेल तर आदल्या दिवशीच पुणं गाठा. २०१९ आणि २०२१ ला शिरोली पुलाजवळ हायवे पाण्याखाली गेला होता. रस्ता बंद म्हणून विमान थांबत नाही. विमान चुकलं तरी तिकिटातले सरकारी कर आणि विमानतळाचे चार्ज परत मागता येतात. निम्मे लोक मागतच नाहीत.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं. जुन्या हिशोबाने चार महिने आधी येणारे अजून भेटतात. हरिप्रिया एक्स्प्रेसने तिरुपती करायचं तर आधी ३०० रुपयांचं दर्शन तिकीट. ते साधारण तीन महिने आधी ऑनलाइन सुटतं. तारीख ते ठरवतं, रेल्वे नाही. उलटं केलं तर रेल्वेचं तिकीट रद्द करायचा खर्च आणि वर एजंटची खुशामत. तत्काळच्या भरवशावर तर राहूच नका. पहिला अर्धा तास आम्हा एजंटांना बुकिंग बंद आहे, त्यामुळे "आमची सेटिंग आहे" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

हॉटेलवाल्याकडून बिल घेताना तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. जुनं कोटेशन तसंच पुढे ढकलणारे आहेत. आणि २५ डिसेंबर ते १ जानेवारीत कुठेही जाणार असाल तर गाला डिनर (हॉटेलची वेगळ्या पैशांची मेजवानी) सक्तीचं आहे का, एवढं फोन करून विचारा. त्या आठवड्यातल्या एका जेवणात पन्हाळ्याला दोन दिवस राहून होतं.

महाराष्ट्रातच फिरायचं असेल तर आमच्याकडे यायचीसुद्धा गरज नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना फुकट, आणि 'आवडेल तेथे प्रवास'चा चार किंवा सात दिवसांचा पास. काकांच्या आई याच सवलतीत गाणगापूर सोडून सगळं फिरल्या. गाणगापूर कर्नाटकात, तिथे एसटीची सवलत हद्दीपर्यंतच.

गेल्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाला नवा फ्लेक्स लागला. केरळ, माणशी १८,५००. रात्रीचं जेवण अजून धरलेलं नाही.