तुम्ही विचारलंत म्हणून : पाऊस लागला तर काय करता?

सोसायटीच्या फाटकातून सायकल बाहेर काढताना, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांसमोर आ वासून बसलेलो असताना मला हा प्रश्न विचारला गेला आहे : एवढ्या लांब सायकलने जाता, मग वाटेत पाऊस लागला तर काय करता? उत्तर एका शब्दाचे आहे. थांबतो. ते ऐकून विचारणाऱ्याचा विरस होतो, कारण त्याला एखाद्या भारी रेनकोटाचे नाव तरी हवे असते किंवा थोडी बहादुरी तरी. मात्र हा एक शब्द अंगी मुरायला मला नेरूळ-अलिबाग रस्त्यावरचा एक अख्खा दिवस आणि डाव्या कोपराची कातडी द्यावी लागली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑगस्टचे पहिले दिवस होते. माझा मित्र ठाण्याला राहतो (नाव कुठे छापलेले त्याला आवडत नाही, तेव्हा मित्र एवढेच म्हणतो) आणि आदल्या संध्याकाळी तो ठाणे-बेलापूर रस्त्याने सायकल चालवतच माझ्याकडे मुक्कामाला आला होता. बेत पाच दिवसांचा होता : पहिल्या दिवशी पनवेल, पेणमार्गे सुमारे ८० किलोमीटरवरचे अलिबाग, मग किनाऱ्याने मुरुड, आगरदांड्याहून जंगलजेटीने (गाड्याही वाहून नेणाऱ्या बोटीने) खाडी ओलांडून दिघी, तिथून श्रीवर्धन आणि शेवटी म्हसळा, माणगाववरून परत. हवामान खात्याचा त्या दिवशीचा इशारा पिवळा होता. नारिंगी किंवा लाल असता तर आम्ही घरातच बसलो असतो, याबाबत आमच्यात पूर्वीपासून एकमत आहे. पण पिवळ्याला मी जरा हलक्यात घेतले. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला की खाते त्याला जोरदार म्हणते. तो २४ तासांत विखरून पडणार की एका तासातच सगळा डोक्यावर ओतला जाणार, हे काही तो आकडा सांगत नाही.

पाऊस पळस्पे फाट्यावरच सुरू झाला. इथे रेनकोटाचा विषय संपवून टाकतो. चढावर सायकल चालवणाऱ्या माणसाचे अंग इतके तापते की प्लॅस्टिकच्या कोटात तो दहा मिनिटांत घामाने निथळतो, म्हणजे भिजणे चुकत नाहीच, फक्त पाणी बाहेरचे की आतले एवढाच फरक उरतो. म्हणून आम्ही अंग भिजू देतो, वाऱ्याने गारठू नये एवढ्यापुरते पातळ जाकीट घालतो आणि सगळी काळजी सामानाची करतो. कोरडे कपडे तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जाड ताडपत्रीच्या पिशव्यांत, फोन आणि पैसे धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशवीत. रात्री अंगात घालायला कोरडा सदरा असला की दिवसभराच्या भिजण्याचे काही वाटत नाही. सुती कपडे मात्र घालू नयेत, ते पाणी धरून ठेवतात आणि मांड्या सोलवटून काढतात.

कर्नाळ्यापर्यंत येईतो समोरचे काही दिसेनासे झाले होते. १९६८ साली जाहीर झालेले हे पक्षी अभयारण्य मुंबई-गोवा महामार्गाला अगदी खेटून आहे. एरवी झाडांच्या वर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो, त्या दिवशी झाडेही धड दिसत नव्हती. एका चहाच्या टपरीशी मित्राने सायकल कडेला घेतली आणि म्हणाला, "अरे, थांबू या. हा तासाभरात ओसरेल." मी म्हणालो, "थांबलो तर अलिबागला जेवायला पोहोचत नाही." खरे तर अलिबागला आमच्यासाठी कोणी पाट मांडून बसले नव्हते. पण मी आदल्या रात्री कागदावर वेळा लिहून काढल्या होत्या आणि त्या कागदाचा मला फार अभिमान होता. मित्राने टपरीकडे एकदा पाहिले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि पुन्हा पेडल मारायला सुरुवात केली. तो माझ्यापेक्षा समजूतदार आहे आणि कधी कधी हा त्याचा दोषच ठरतो.

खिंडीनंतर तारा गावाकडे उतार लागतो. माझ्या सायकलचे ब्रेक जुन्या पद्धतीचे, म्हणजे रबराचे ठोकळे चाकाच्या कडीवर दाबणारे. कोरड्या दिवशी ते लगेच धरतात. पावसात मात्र कडीवर पाण्याचा थर असतो. ठोकळ्यांना आधी तो पुसावा लागतो, तोवर चाकाचा एखाद-दुसरा फेरा फुकट जातो आणि मग ब्रेक एकदम लागतो. ही गोष्ट मला पुस्तकी माहीत होती. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटारांची झाकणे आणि डिझेलचा इंद्रधनुषी तवंग पावसात निसरडे होतात, हेही माहीत होते. या महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा चौपदरी करण्याचे काम २०११ साली सुरू झाले, तेव्हापासून आम्ही इथे सायकली चालवत आहोत, त्यामुळे रस्ता ओळखीचा आहे असाही माझा समज होता.

पाताळगंगेवरच्या खारपाड्याच्या पुलावर दोन गाळ्यांमध्ये लोखंडी जोडपट्टी आहे. उन्हाने पूल फुगतो-आकसतो, त्यासाठी तेवढी फट ठेवावीच लागते. ओले लोखंड काटकोनात ओलांडले तर काही होत नाही. मी ते तिरके ओलांडले, कारण पुढे साचलेले पाणी चुकवायचे होते, आणि वर ब्रेकही दाबला. पुढचे चाक पट्टीला समांतर सरकले आणि काही कळायच्या आत मी कठड्याच्या बाजूला आडवा झालो होतो. उजवीकडे पडलो असतो तर हे लिहायला बसलो नसतो. मागून येणारा टेम्पो माझ्या सायकलपासून जेमतेम दोन हातांवर थांबला. चालकाने मान बाहेर काढून "लागलं का हो?" एवढे विचारले आणि मी उठेपर्यंत गाडी तिथेच आडवी धरून ठेवली.

मित्र मागून आला, त्याने पाण्याच्या बाटलीने कोपर धुतले, हँडल सरळ केले, उतरलेली साखळी दात्यांवर बसवली. 'मी म्हटलं होतं ना' हे वाक्य तो बोलला नाही. आजतागायत बोललेला नाही, आणि मला वाटते त्या न बोलण्यानेच मी सुधारलो. माझी बोटे इतकी गारठली होती की बिस्किटाचा पुडा मला फोडता येईना, तोही त्यानेच फोडून दिला.

तिथून हमरापूर फाटा फार लांब नाही. हमरापूर, जोहे ही पेणजवळची गणपतींच्या मूर्तींची गावे. गणपती महिन्यावर आले की इथे घरोघरी, पडवीत, अंगणातल्या मांडवात मूर्तीच मूर्ती असतात. एका कारखान्याच्या वळचणीला आम्ही उभे राहिलो. आतून एका वयस्कर काकांनी हाक मारली, "आत या हो, भिजताय कशाला? पण सायकली बाहेर, आणि हात कशाला लावू नका."

आम्ही तिथे पावणेदोन तास होतो. मांडवाला चारी बाजूंनी निळे प्लॅस्टिक लावले होते आणि मूर्तींच्या रांगांमध्ये हॅलोजनचे मोठे दिवे पेटवून ठेवले होते, कारण अशा हवेत शाडूची मूर्ती लवकर वाळत नाही आणि ओलसर मूर्तीवर रंग चढवला तर तो पुढे सोलून निघतो. काका एका फुटभर मूर्तीसमोर बसले होते. अंगाचा रंग झाला होता, पितांबर झाले होते, डोळे मात्र कोरे होते. डोळ्यांच्या या कामाला तिथे आखणी म्हणतात. त्यांनी बोटाच्या मागच्या बाजूने मूर्तीच्या गालाला स्पर्श केला, क्षणभर तसेच धरून ठेवले आणि कुंचला पुन्हा पाण्याच्या डब्यात ठेवून दिला. "अजून गार लागतंय," ते म्हणाले. मग त्यांनी आम्हाला चहा दिला. अर्ध्या तासाने पुन्हा तेच : गालाला बोट, मान नकारार्थी, कुंचला डब्यात. मित्राने विचारले, "काका, ऑर्डरी वेळेवर जातात का अशाने?" ते म्हणाले, "गेली इतकी वर्षं जातातच की." आम्ही निघेपर्यंत त्या गणपतीचे डोळे उघडले नव्हते.

अलिबागचा नाद सोडून आम्ही त्या रात्री पेणलाच मुक्काम केला. खोलीवर गेल्यावर पहिले काम बुटांचे : आतले पाणी ओतायचे, वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने ते बदलायचे, सकाळी बूट घालण्याजोगे होतात. दुसरे काम साखळीचे, कारण पावसाने तेल धुऊन निघालेले असते आणि तशीच चालवली तर ती दुसऱ्या दिवशी जात्यासारखी कुरकुरते. माझा वेळांचा कागद खिशातच राहिला होता. तो बाहेर काढला तेव्हा त्याचा लगदा झाला होता. मित्राने तोही बुटात कोंबला.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. धरमतर खाडीच्या पुलावर लोखंडी जोडपट्टी आली, पार कोरडी ठणठणीत. तरी मी वेग कमी केला, हँडल सरळ धरले आणि ती काटकोनात ओलांडली. मागून मित्राने नुसती घंटी वाजवली.