मसाल्याविना खमंग: आयरिश बीफ स्ट्यू आणि डम्पलिंग

आयरिश बीफ स्ट्यूमध्ये मीठ आणि मिरपूड वगळली तर मसाला म्हणावा असे काहीच पडत नाही. आले नाही, हळद नाही, वाटण नाही, वरून घातलेली फोडणी नाही. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात आमच्याकडे जेवायला येणाऱ्या मराठी मंडळींना हे सांगितले की ‘मग सपक लागत असेल’ हीच त्यांची पहिली शंका असते, आणि निदान चिमूटभर गरम मसाला घालण्याचा आग्रहही ओघाने होतो. तो आग्रह मी प्रेमाने पण ठामपणे मोडून काढते. या पदार्थाला लागणारा सगळा खमंगपणा मांस तांबूस परतण्यात आणि नंतरच्या मंद आचेत असतो; तिथे घाई झाली तर कोणताही मसाला ती उणीव भरून काढू शकत नाही, आणि तिथे नीट लक्ष दिले तर मसाल्याची आठवणही होत नाही.

आयर्लंडचा स्ट्यू म्हटला की आज अनेकांच्या डोळ्यांसमोर काळ्या स्टाउट बिअरमध्ये शिजलेले गोमांस येते, पण जुना आयरिश स्ट्यू मेंढीच्या मांसाचा होता. मानेचे स्वस्त, हाडांसकटचे तुकडे, बटाटे, कांदे आणि पाणी एवढाच त्याचा ऐवज. त्यात गाजर घालावे की नाही, यावरही इथली माणसे हिरिरीने वाद घालतात. ज्यांच्याकडे गाय असे त्यांच्याकडे ती दुधासाठी आणि लोण्यासाठी असे. कॉर्कच्या लोणीबाजाराचा कारभार १७७० पासून १९२४ पर्यंत चालला आणि इथले खारवलेले लोणी अटलांटिकपलीकडे जात असे. याच बंदरातून खारवलेल्या गोमांसाची पिंपे ब्रिटिश आरमारासाठी आणि वेस्ट इंडीजमधल्या वसाहतींसाठी रवाना होत. खेड्यातल्या गरिबाच्या ताटात मात्र बटाटा आणि ताक एवढेच असे, आणि १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडल्यावर तेही उरले नाही. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगराईने गेली, तर त्याहून अधिक माणसे देश सोडून गेली. हा इतिहास ठाऊक झाल्यापासून गोमांसाचा स्ट्यू मला या देशाच्या नंतरच्या, भरल्या घराचे अन्न वाटतो, आणि म्हणूनच तो निगुतीने रांधावासा वाटतो.

मांसासाठी मी शहराच्या मध्यावरच्या इंग्लिश मार्केटमध्ये जाते. १७८८ पासून भरत आलेल्या या छपराखालच्या बाजारात खाटकांची दुकाने ओळीने आहेत आणि कोणता भाग हवा ते सांगितले की समोर कापून मिळतो. स्ट्यूसाठी म्हणून आधीच चौकोनी चिरून ठेवलेले तुकडे मी घेत नाही, कारण त्यात कोणत्या भागाचे मांस आहे ते कळत नाही आणि वेगवेगळ्या भागांना शिजायला वेगवेगळा वेळ लागतो. मागावी ती शिन, म्हणजे पायाचा पोटरीकडचा भाग. ती नसेल तर खांद्याचा, चक नावाने मिळणारा भाग. शिनचा आडवा काप हातात घेतला तर गडद लाल मांसातून पांढुरक्या, काचेसारख्या चमकदार स्नायुबंधांच्या रेषा फिरलेल्या दिसतात. कच्चेपणी त्या सुरीलाही दाद देत नाहीत. त्यांत कोलॅजन असते. मंद आचेवर, तासन्‌तास ओलाव्यात राहिल्यावर त्याचे जिलेटिन होते आणि तेच रश्श्याला ओठांना किंचित चिकटणारा दाटपणा देते. याउलट चरबी आणि स्नायुबंध नसलेले महागडे मांस तीन तास शिजवले तर ते कोरडे आणि दोऱ्यासारखे होते, त्यामुळे या पदार्थात जास्त पैसे मोजून काहीच साधत नाही.

चार-पाच माणसांसाठी एक किलो शिन पुरते. तिच्या साधारण चार सेंटिमीटरच्या फोडी कराव्यात; याहून लहान केल्या तर त्या शेवटी विरून जातात. फोडी कागदी रुमालाने अगदी कोरड्या पुसाव्यात. ओल्या मांसाला पाणी सुटते, ते पाणी उडेपर्यंत भांड्याचे तापमान शंभर अंशांच्या वर चढत नाही, आणि खमंग तांबूस रंग येण्याची क्रिया तर साधारण १४० अंशांच्या पुढे जोमाने सुरू होते. म्हणून जाड बुडाचे, शक्यतो ओतीव लोखंडाचे भांडे चांगले तापवून त्यात दोन चमचे तेल घालावे, आणि एकमेकांना न चिकटणाऱ्या सात-आठ फोडीच एका वेळी टाकाव्यात. टाकल्यावर चरचर आवाज यायला हवा. तो मंदावून खदखद ऐकू येऊ लागली तर भांड्यात गर्दी झाली असे समजावे. फोडी लगेच हलवू नयेत. पुरत्या तांबूस झाल्या की त्या आपणहून बूड सोडतात. प्रत्येक घाण्याला सहा-सात मिनिटे देऊन सगळे मांस काढून होईपर्यंत अर्धा तास जातो, आणि माझ्या मते संपूर्ण कृतीतला हाच अर्धा तास सर्वांत मोलाचा आहे.

मांस बाजूला काढल्यावर त्याच भांड्यात दोन मोठे कांदे जाडसर चिरून, सेलरीचे दोन देठ बारीक करून आणि दोन लसूण पाकळ्या ठेचून परताव्यात. कांद्याच्या ओलाव्याने बुडाला धरलेली तपकिरी खरपुडी सुटू लागते. लाकडी उलथन्याने ती खरवडून घ्यावी. कांदा मऊ झाला की एक मोठा चमचा टोमॅटो प्युरी घालून ती गडद होईपर्यंत परतावी, मग दोन मोठे चमचे मैदा भुरभुरून मिनिटभर हलवावे. मांस आधीच मैद्यात घोळवण्याची रीतही इथे सर्रास आहे, पण तसे केले की मांसाऐवजी मैदाच भाजला जातो, म्हणून मी तो नंतर घालते.

आता स्टाउट. आर्थर गिनेसने डब्लिनमधली सेंट जेम्सेस गेटची जागा १७५९ मध्ये वर्षाला ४५ पौंड भाड्याने तब्बल ९,००० वर्षांच्या करारावर घेतली, ही गोष्ट सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण कॉर्कच्या बीमिश आणि मर्फीज या स्टाउटही जुन्या आहेत आणि कॉर्ककरांना त्यांचा सार्थ अभिमान आहे. यांपैकी कोणतीही चालते. स्टाउटचा काळा रंग आणि कॉफीच्या जवळ जाणारा कडसरपणा काळपट भाजलेल्या सातूतून येतो. शिजताना रस्सा आटतो तसा हा कडवटपणा गडद होत जातो, म्हणून एक किलो मांसाला ५०० मिलिलिटरचा एक डबा पुरे, आणि त्याच्या जोडीला तेवढाच, शक्यतो बिनमिठाचा, बीफ स्टॉक. चव फारच कडसर वाटली तर चमचाभर ब्राऊन शुगर घालावी. शिजवल्याने बिअरमधले मद्य बरेचसे उडते, पण पूर्ण उडत नाही. ज्यांना ते वर्ज्य आहे अशा पाहुण्यांसाठी मी संपूर्ण रस्सा स्टॉकमध्येच करते आणि त्यांना तसे आधी सांगतेही.

मांस आणि त्याखाली साठलेला रस पुन्हा भांड्यात घालून थाइम या सुगंधी झुडपाच्या तीन-चार काड्या आणि बे लीफची, म्हणजे युरोपातल्या लॉरेल झाडाची, दोन पाने टाकावीत. आपले तमालपत्र त्याऐवजी वापरू नये. ते दालचिनीच्या कुळातले आहे आणि त्याच्या सुगंधाने सारा रस्सा बिर्याणीकडे झुकतो. एक उकळी आल्यावर झाकण घालून भांडे १५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवावे. गॅसवर करायचे असेल तर आच इतकी मंद हवी की पृष्ठभागावर अधूनमधून एखादाच बुडबुडा फुटावा. दीड तासाने चार गाजरे आणि दोन पार्सनिप (गाजरासारखे पांढरट कंद) यांचे जाड तुकडे आणि पिवळ्या गराच्या सलगमाच्या फोडी घालाव्यात. त्या सुरुवातीलाच घातल्या तर त्यांचा लगदा होतो. डम्पलिंग, म्हणजे स्ट्यूवरच वाफवलेले पिठाचे गोळे, करायचे असतील तेव्हा मी बटाटा स्ट्यूमध्ये घालत नाही. इथला रूस्टर किंवा कर्स पिंक बटाटा पिठूळ असतो, तो सालासकट वेगळा उकडून लोण्याबरोबर वाढला तर त्याची स्वतःची चव राहते. आणखी तासाभराने फोड चमच्याच्या कडेने सहज तुटू लागली की मांस झाले.

सुएटचे डम्पलिंग ही मुळात शेजारच्या इंग्लंडच्या स्वयंपाकघराची रीत, पण आयर्लंडच्या घरांतही हिवाळ्यात ती रुळलेली आहे. सुएट म्हणजे जनावराच्या मूत्रपिंडाभोवतीची पांढरी, घट्ट, चुरा होणारी चरबी. खाटकाकडे ती मिळते, आणि किसून मैद्यात घोळवलेली ॲटोरा कंपनीची पाकिटे किराणा दुकानात असतात. लोणी हाताच्या उबेनेही वितळते. सुएटला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. त्यामुळे पीठ शिजून त्याला आकार येत असताना चरबीचे कण अजून टिकून असतात, आणि ते विरघळले की त्यांच्या जागी लहान लहान पोकळ्या राहतात. डम्पलिंगचा हलकेपणा या पोकळ्यांमुळे आणि पिठातल्या बेकिंग पावडरीमुळे येतो. आपल्या वरणफळांची कणीक घट्ट मळून, लाटून वरणात बुडवून शिजवतात आणि तिचा चिवटपणाच हवासा असतो. इथे सगळे उलट आहे, पीठ मळायचेच नाही आणि गोळे बुडवायचेही नाहीत.

१५० ग्रॅम सेल्फ-रेझिंग पीठ, ७५ ग्रॅम सुएट, अर्धा छोटा चमचा मीठ, थोडी मिरपूड आणि मूठभर चिरलेली पार्सली कोरडीच एकत्र करावी. सेल्फ-रेझिंग पीठ नसेल तर तेवढ्याच मैद्यात दोन छोटे चमचे बेकिंग पावडर चाळून घ्यावी. मग गार पाणी थोडे थोडे घालत सुरीच्या पात्यानेच पीठ गोळा करावे. साधारण शंभर मिलिलिटर पाणी लागते. पीठ हाताला किंचित चिकटेल इतके सैल राहू द्यावे. घट्ट गोळा हाताळायला सोपा, पण तो शिजल्यावर जड होतो. पिठी लावलेल्या हातांनी लिंबाएवढे आठ गोळे, न दाबता, नुसते गोल करावेत आणि लगेच वापरावेत, कारण पाणी लागताच बेकिंग पावडरीचे काम सुरू झालेले असते.

त्या वेळी स्ट्यू चांगला उकळता असावा आणि रस्सा पुरेसा पातळ असावा, कारण डम्पलिंग बराच रस शोषून घेतात. फार आटला असेल तर वाटीभर गरम स्टॉक घालावा. वर जमलेला तुपकट तवंग पळीने काढून, मांसाची मीठ-मिरपूड पाहून, गोळे मधे अंतर ठेवून पृष्ठभागावर ठेवावेत. झाकण घट्ट लावावे आणि वीस मिनिटे ते उघडू नये. वरचा अर्धा भाग निव्वळ वाफेवर शिजतो आणि वाफ निसटली की गोळा मधोमध कच्चा राहतो. वीस मिनिटांनी गोळे जवळपास दुप्पट फुगून एकमेकांना टेकलेले असतात, वरून कोरडे आणि पांढुरके, खालून रश्श्याने तपकिरी झालेले. एक फोडून पाहावा: आतून पावासारखा जाळीदार दिसला की झाले. काही जण शेवटी झाकण काढून ते वरून कुरकुरीत करतात, मला मात्र वाफेचा मऊपणाच आवडतो.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक सांगायला हवे. तिथे गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे, आणि अनेक घरांत गोमांस वर्ज्यच असते. त्यांनी बोकडाचे मानेचे आणि नळीचे मटण आणून स्टाउटशिवाय, नुसत्या मटणाच्या स्टॉकमध्ये हा स्ट्यू करावा. परतण्याची आणि मंद शिजवण्याची रीत तीच, वेळ मात्र दीड ते दोन तास. मेंढीच्या मांसाच्या जुन्या आयरिश स्ट्यूशी त्याचे नाते गोमांसाच्या स्ट्यूहून जवळचे आहे. सुएटऐवजी फ्रीझरमध्ये कडक केलेले लोणी किसून घालावे. डम्पलिंग थोडे कमी फुगतात, पण चव चांगली येते.

स्ट्यू मुरल्यावर आणखी चांगला लागतो, त्यामुळे तो आदल्या दिवशी करून ठेवणे सोयीचे पडते. गार झाल्यावर फ्रीजमध्ये ठेवला की चरबीचा थर वर घट्ट होतो आणि सहज उचलता येतो. डम्पलिंग मात्र शिळे ठेवू नयेत, ते रस पिऊन गच्च होतात. जेवढे त्या वेळी खाल्ले जातील तेवढेच करावेत, आणि दुसऱ्या दिवशी स्ट्यू गरम होत असताना नवे पीठ कालवावे.