२८८ टी-शर्ट आणि चार डॉलर

आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ पेडल स्टील, म्हणजे आडवी ठेवून पायांच्या पट्ट्यांनीही वाजवायची गिटार, वाजवतात. अमेरिकेतल्या कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलमध्ये यात विशेष काही नाही, इथे प्रत्येकाच्या खालच्या मजल्यावर कोणी ना कोणी काहीतरी वाजवतच असतं. माझी बिलिंगमधली नोकरी गेली त्याच्या महिनाभरानंतर ते जिन्यात भेटले. म्हणाले, "आमच्या बँडबरोबर नऊ दिवस येता का? मर्च विकणारी मुलगी ऐन वेळी गळाली. तुम्ही हिशेबातल्या ना?"

मर्च म्हणजे बँडच्या नावाचे टी-शर्ट, टोप्या, एलपी (गाण्यांच्या मोठ्या तबकड्या) आणि बिअरचा कॅन गार ठेवणारी फोमची टोपडी. रोजचे १०० डॉलर, विक्रीवर १० टक्के, जेवणाचे रोज २५. ग्रीन कार्ड असल्याने कामाच्या परवानगीची भानगड नव्हती. नवरा म्हणाला, "जा, नाहीतरी घरी बसून माझ्याच खर्चाचे तक्ते मांडतेयस."

मी नारायणगावची. जत्रांचा हंगाम आला की आमच्याकडे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावची माणसं येऊन सुपारी ठरवतात. गाडीत संसार घालून फिरणारे कलावंत मला नवे नव्हते. नवं होतं ते गणित. दुसऱ्या मोठ्या बँडच्या आधी पाऊण तास वाजवण्याचे आमच्या बँडला २५० डॉलर मिळायचे. त्यात आठ माणसं, व्हॅन, मागे ट्रेलर आणि मोटेलच्या तीन खोल्या. स्ट्रीमिंगवर गाणं एकदा ऐकलं गेलं तर एक सेंटही पदरात पडत नाही. म्हणजे डिझेल माझ्या टेबलावरून निघणार होतं. हे मला निघण्याच्या आदल्या दिवशी कळलं.

आदला दिवस मोजण्यात गेला. टी-शर्ट २८८, एलपी ६०. प्रत्येक शर्टाची गुंडाळी करून त्यावर कागदी चिकटपट्टी, पट्टीवर साइझ. घडी घातलेला शर्ट गिऱ्हाईक उलगडतं आणि तसाच टाकून जातं, गुंडाळी मात्र कोणी सोडत नाही. सुट्ट्या पैशांचे २०० डॉलर वेगळे, आणि सगळ्या किमती पाचच्या पटीत म्हणजे नाणी हाताळायला नकोत. शर्ट ३०, टोपडं ५.

किमतीतच टॅक्स धरलेला. पण तो राज्याराज्यांत आणि गावागावांत वेगळा: मेम्फिसला ९.७५ टक्के, टल्साला ८.५१७, टेक्ससमध्ये आम्ही गेलो तिथे ८.२५. टेक्ससचाच शर्ट घ्या. ३० डॉलरमधून टॅक्सचे २ डॉलर २९ सेंट गेले, उरले २७.७१. काही हॉलवाले कपड्यांच्या विक्रीवर २० टक्के घेतात, ते ५.५४. छपाईसह शर्टाचे ९. माझे २.७७. कार्ड मशीनचे ९० सेंटच्या आसपास. बँडच्या हातात साडेनऊ. हे एकदा कागदावर मांडल्यावर मी शर्ट फुकट वाटणाऱ्यांकडे वेगळ्या नजरेने बघू लागले.

आणि वाटणारे होतेच. आय-४० या महामार्गावरून मेम्फिस करून लिटल रॉकला पोचलो, त्या रात्री माझे सहा शर्ट कमी भरले. रोज दुकान मांडण्याआधी मोजायचं, आवरताना मोजायचं, दोन्हींतला फरक आणि गल्ला जुळला पाहिजे. दीड वाजेपर्यंत मी पेट्या उपसत होते. व्हॅनमध्ये सगळे माझी वाट बघत बसलेले. शेवटी ड्रमर शांतपणे म्हणाला, "साउंडवाल्याला दोन दिले, लाइटवाल्याला एक. बाकीचे आठवत नाहीत." दुसऱ्या दिवशी मी एक वही केली. फुकट गेलेला प्रत्येक शर्ट, घेणाऱ्याचं नाव आणि देणाऱ्याची सही. पहिल्यांदा हसले सगळे. तिसऱ्या दिवशी गायिका स्वतःच्या आईला दिलेल्या शर्टाची सही करायला आली.

टल्साला केन्स बॉलरूम. १९२४ मधली इमारत, मेपलच्या लाकडाची नाचायची जमीन, भिंतींवर जुन्या गायकांच्या तसबिरी. १९३० च्या दशकात कंट्री संगीतातला नावाजलेला बॉब विल्स आपला बँड घेऊन इथूनच रेडिओवर वाजवायचा. हे सगळं मी नंतर वाचलं, त्या रात्री मला फक्त माझ्या टेबलावरचा अंधार दिसला. क्लिपचा दिवा घरी राहिला होता, फोनचा टॉर्च कोकच्या ग्लासात उभा केला. मुख्य बँडचा मर्चवाला येऊन म्हणाला, आमचा शर्ट ४० ला आहे, तुम्ही ३० ला विकू नका, निदान ३५ करा. पाहुण्याने यजमानाचा भाव पाडायचा नाही, असा या धंद्यातला संकेत. मला राग आला. पण ३५ लाही तेवढेच शर्ट गेले, तेव्हा राग गिळला. चारशे माणसांत १,१२० डॉलर, म्हणजे डोई २ डॉलर ८० सेंट. टूर मॅनेजर पूर्ण रकमेकडे बघतच नाही, हाच आकडा विचारतो.

ओक्लाहोमा सिटीत एका आजोबांनी एलपी डोळ्यासमोर आडवी धरली आणि मला म्हणाले, "मॅम, ही पुरी फुगलीय." पुरी नाही, पॅनकेक म्हणाले, पण मला पुरीच ऐकू आलं. ऑगस्टचा ट्रेलर, दिवसभर उन्हात, आणि एलपी असते पीव्हीसी प्लास्टिकची, उन्हात वाकते. शर्ट आत आणि एलपी ट्रेलरमध्ये हा माझाच निर्णय, कारण पाय ठेवायला जागा हवी होती. १७ बाद. त्या रात्री मी जेवले नाही. गायिकेने सगळ्यांवर सही केली, आणि मी पुठ्ठ्यावर लिहिलं: वाजणार नाही, भिंतीवर छान दिसेल, १० डॉलर. नऊ गेल्या! उरलेल्या चांगल्या एलपी पुढे माझ्या पायाशी, पाय सीटवर.

टेक्ससमध्ये दोन गोष्टी शिकले. एक, साइझ. ऑर्डर माझ्या आधीच कोणीतरी दिलेली, स्मॉल ढीगभर. फोर्ट वर्थला टू-एक्सएल संपले, आणि मग हॅट काढून, 'मॅम' म्हणून, सहा फुटी माणसं स्मॉलच्या ढिगाकडे बघून निघून जायची.

दुसरी न्यू ब्रॉनफेल्सला. तिथलं ग्रुएन हॉल, म्हणायचं मात्र 'ग्रीन', १८७८ पासूनचं डान्स हॉल. पत्र्याचं छप्पर, बाजूच्या फळ्या उघड्या, एसी नाही. लोक ऐकायला येत नाहीत, टू-स्टेप नाचायला येतात. जोडीचा नाच, एक हात तिच्या हातात, दुसरा पाठीवर; शर्ट धरायला तिसरा हात कुणाला आहे? तासभर माझ्याकडे कोणी फिरकेना. मग मी एका जोडप्याला म्हटलं, आत्ता पैसे द्या, शर्ट माझ्याकडे राहू द्या, जाताना न्या. चिकटपट्टीवर नाव लिहिलं आणि टेबलाखाली ठेवलं. अर्ध्या तासात टेबलाखाली ३१ गुंडाळ्या. निघताना एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "अरे, आपलं सामान त्या बाईंकडे आहे ना!" आमच्याकडे जत्रेत चपला अशाच ठेवतात.

नॅशव्हिलला परतल्यावर शेवटची मोजणी आमच्या बैठकीच्या खोलीत झाली. विकले १६३, वहीतले १४, शिल्लक १११. बेरीज २८८. शर्ट जुळले, टोप्या जुळल्या, टोपडीही जुळली. गल्ला चार डॉलरने कमी होता. सगळ्या किमती पाचच्या पटीत असताना चार कसे कमी भरतात? टूर मॅनेजर म्हणाला, सोडून द्या. स्टीलवाले परवा जिन्यात भेटले तेव्हा ऑक्टोबरचं विचारत होते. मी वही घेऊन अजून एकदा फोर्ट वर्थपासून बघतेय.